दुसरी सीट

१९९७ सालच्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ सिनेमातली बॅटमोबाइल एकदा चित्र थांबवून बघा. लांबलचक, वरून उघडी, मागे माशाच्या परांसारखे उंच पत्रे आणि बसायला सीट एकच. नावात दोघं, पोस्टरवर दोघं, गाडीत जागा एकाची. रॉबिनला वेगळी मोटरसायकल दिलेली. आता एकतीस वर्षं मागे जा. १९६६ च्या टीव्ही मालिकेतली गाडी म्हणजे लिंकन फ्युच्युरा नावाच्या प्रदर्शनातल्या मोटारीला जॉर्ज बॅरिसनं चढवलेला काळा साज. तिला दोन सीटा. दोघं दार न उघडता उड्या मारून आत बसतात आणि रॉबिन घोषणा करतो की अणुबॅटऱ्या चालू, टर्बाइननं वेग घेतला. बॅटमॅन म्हणतो, ठीक, निघू या. मगच गाडी गुहेबाहेर पडते. सगळं हास्यास्पद आहे, पण शेजारी बसलेल्या पोराला काम आहे. एसटीत कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही, तसं.

सुपरहिरोच्या सिनेमालिकेत कुमारवयीन जोडीदार, म्हणजे साइडकिक, घ्यावा की नाही हा वाद दर नव्या बॅटमॅनबरोबर निघतो. एकांचं म्हणणं, रॉबिन आला की पोरखेळ झाला. दुसऱ्यांचं, रॉबिनशिवाय बॅटमॅन म्हणजे नुसता रुसलेला श्रीमंत माणूस. भांडण बहुतेक वेळा चड्डीच्या लांबीवर आणि नटाच्या वयावर चालतं. मला विचाराल तर आधी त्या सीटचं काम ठरवावं, मग माणूस बसवावा. आणि काम ठरवायला बसलं की लक्षात येतं, कॉमिक्समध्ये त्या पोराचं जे काम होतं ते सिनेमात उरलेलंच नाही.

ते मूळ काम काय होतं बघा. बॅटमॅन पहिल्यांदा छापून आला ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात, मे १९३९ मध्ये. रॉबिन आला ३८ व्या अंकात, एप्रिल १९४० मध्ये. ज्या एकट्या, काळोख्या बॅटमॅनची आठवण काढून लोक उसासे टाकतात, तो एकटा होता जेमतेम अकरा महिने. ३८ व्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो सर्कशीतली कागद लावलेली रिंग धरून उभा आहे आणि तो कागद फाडून एक हसरं पोरगं वाचकाच्या अंगावर झेप घेतंय. लाल बंडी, पिवळा झगा, हिरवी अर्धी चड्डी, पाय उघडे. झोपाळ्यावर कसरती करणाऱ्या ग्रेसन दांपत्याचा हा मुलगा डिक. खंडणीखोरांनी दोरांवर ॲसिड टाकलं आणि आई-बाप खेळ चालू असताना पडून मेले. रॉबिन हूडवरून नाव सुचवलं जेरी रॉबिन्सननं. पण पोरगा हवाच कशाला होता, ते लेखक बिल फिंगरनं पुढे सांगून ठेवलंय आणि ते कारण निव्वळ कारागिराचं आहे. बॅटमॅनला बोलायला कुणी नव्हतं. होम्सला वॉटसन होता. ह्याला पानापानावर डोक्यावर ढग काढून स्वतःशीच विचार करावा लागायचा, आणि ते लिहिणाऱ्याला कंटाळवाणं व्हायला लागलं होतं.

म्हणजे रॉबिन ही संवाद लिहिण्याची सोय होती. वाचणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना आपल्यासारखं कुणीतरी त्या पानात दिसलं, अंकाचा खप जवळजवळ दुप्पट झाला असं सांगतात, आणि मग सगळ्यांनीच एकेक पोरगा ठेवला. ह्यूमन टॉर्चला टोरो, ग्रीन ॲरोला स्पीडी, कॅप्टन अमेरिकाला त्याच्या १९४१ च्या पहिल्याच अंकात बकी.

सिनेमाला ढग लागत नाहीत. तिथं नटाचा चेहरा आहे, आणि चेहरा झाकलेला असला तरी डोळे आणि जबडा आहे, पार्श्वसंगीत आहे, कानातलं यंत्र आहे. शिवाय बोलायची माणसं आधीच जागा धरून बसलेली असतात. टोमणे मारायला आणि जखमा शिवायला घरचा बटलर आल्फ्रेड. गुन्ह्याची माहिती द्यायला पोलीस अधिकारी गॉर्डन. हत्यारं समजावून सांगायला दिग्दर्शक नोलानच्या तीन सिनेमांच्या त्रयीत ल्युशियस फॉक्स. तीन वॉटसन हजर असताना चौथा आला की त्याच्या वाट्याला दोनच गोष्टी उरतात, विनोद करणं आणि पकडलं जाणं. वाईट लिहिलेला रॉबिन नेमका ह्या दोनच गोष्टी करतो, आणि लोक म्हणतात रॉबिन वाईट.

हे तपासायचा सोपा उपाय आहे. पटकथेतली त्याची पानं काढून ठेवा आणि उरलेली वाचा. कुठं अडखळायला झालं नाही तर पात्र गेलं तरी चालेल. दिग्दर्शक टिम बर्टनच्या दोन्ही सिनेमांत असंच झालं. सॅम हॅमच्या १९८९ च्या पटकथेत रॉबिन होता. काढला, काही बिघडलं नाही. ‘बॅटमॅन रिटर्न्स’साठी तर मार्लन वेयन्सला करारबद्ध केलं, पोशाखाची मापं घेतली, पैसेही दिले, आणि मग सिनेमात माणसं फार झाली म्हणून भूमिकाच रद्द. १९९२ चा तो सिनेमा बघताना ‘इथं कुणीतरी हवं होतं’ असं एकदाही वाटत नाही.

दिग्दर्शक जोएल शूमाकरनं १९९५ मध्ये रॉबिन आणला खरा, पण चित्रीकरणाच्या वेळी क्रिस ओ’डॉनेल चोवीस वर्षांचा होता. कॉमिक्समधली अनाथ मुलाला घरी ठेवून घेण्याची गोष्ट जशीच्या तशी ठेवली आणि तीत दाढी उगवलेला, मोटरसायकल फिरवणारा गडी बसवला. पोलीस कमिशनर त्याला ब्रूस वेनच्या, म्हणजे मुखवट्याबाहेरच्या बॅटमॅनच्या, हवाली करून जातो तेव्हा प्रेक्षागृहात जे हसू येतं ते लेखकाला नको असलेलं आहे. चोवीस वर्षांच्या माणसाला पालक कशाला? आणि त्यानं जीव धोक्यात घालायचं ठरवलं तर तो त्याचा प्रश्न. बॅटमॅनवर कसलीच जबाबदारी येत नाही, त्यामुळे गोष्टीत कसलाच ताण येत नाही. पुढच्या सिनेमात तर दोघं एका बाईवरून भांडतात. १९९५ च्या सिनेमानं जगभरात ३३ कोटी डॉलरच्या वर कमावले, १९९७ च्यानं २४ कोटीही नाहीत. पहिल्या वेळी सिनेमा करतोय असं वाटलं आणि दुसऱ्या वेळी खेळण्यांची जाहिरात, असं ओ’डॉनेलच नंतर म्हणाला. पुढचा ठरलेला भाग बारगळला आणि आठ वर्षं बॅटमॅन पडद्यावर आला नाही. ह्या सगळ्याचं खापर रॉबिनवर फुटलं. त्रयी चालू असताना क्रिश्चन बेलनं सांगून टाकलं होतं की रॉबिन आला तर मी स्वतःला साखळीनं बांधून घेईन पण कामाला येणार नाही. शेवटी २०१२ मध्ये एक तिशीतला पोलीस अधिकारी आणला आणि अखेरच्या मिनिटांत त्याचं खरं नाव रॉबिन आहे असं कागदावरून कळवलं. टाळ्या मिळाल्या. पण ती नावापुरती हजेरी होती.

हे मोठं करून घेण्याचं खूळ एकट्या हॉलिवूडचं नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे पुस्तकांत शाळकरी पोर आहे, फुरसुंगीचा, सडपातळ, टॉक्क करणारा. २०१७ च्या मराठी सिनेमात तो वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वयाचा झाला. तो सिनेमा त्याच्या जागी नीट आहे. बनेशला तिथं कुणी मोठा मुखवटेवाला नायक नाही, त्यामुळे वय वाढवलं तरी गोष्ट मोडत नाही. रॉबिनचं तसं नाही. त्याचं वय हीच त्याची गोष्ट आहे.

का, ते सांगायला वाल्मीकींकडे जावं लागेल. विश्वामित्र अयोध्येला येऊन राक्षस मारायला राम मागतात तेव्हा दशरथाचं पहिलं वाक्य आहे, ‘ऊनषोडशवर्षो मे रामो राजीवलोचनः’. माझ्या रामाला अजून सोळा पुरी नाहीत. पोरगं नको, मी येतो, माझी अक्षौहिणी घेऊन येतो. ऋषी चिडतात, वसिष्ठ मध्ये पडतात, मग राम जातो, आणि वाटेत बला-अतिबला विद्या मिळते, त्राटिकेपुढे पहिली चाचरती परीक्षा होते, अस्त्रं त्यानंतर. पटकथा शिकवणाऱ्यांनी फळ्यावर लिहून ठेवावा असा क्रम आहे हा. मागणी, नकार, रदबदली, शिक्षण, पहिला संकोच, पहिली लढाई, आणि हत्यारं सगळ्यात शेवटी. रॉबिनच्या सिनेमांत हटकून गळते ती दुसरी पायरी. ‘नाही’ म्हणणारा मोठा माणूसच नसतो. आल्फ्रेड कपडे शिवून देतो.

दशरथ नसला की काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. अभिमन्यूला व्यूहात शिरायचं माहीत होतं, बाहेर यायचं नव्हतं, हे युधिष्ठिराला त्यानं स्वतः सांगितलं होतं. आम्ही पाठोपाठ येतो असं सांगून मोठ्यांनी त्याला पुढे काढला. जयद्रथानं त्यांनाच अडवून धरलं.

तेव्हा त्या सीटचं सिनेमातलं काम माझ्या मते हे. एका मोठ्या माणसानं एका पोराला लढाईत नेलं, हे बरोबर का, हा प्रश्न त्या पोरानं नुसतं शेजारी बसून जिवंत ठेवायचा. सिनेमालिकेला हा प्रश्न तोंडावर घ्यायचा असेल तर पोरगा घ्यावा. नसेल घ्यायचा तर सीट काढून टाकावी. त्यात लाज काही नाही. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको ह्यांनी १९६२ मध्ये स्पायडर-मॅन काढला, पोरालाच मुख्य नायक केलं आणि साइडकिकचा प्रश्नच मिटवला.

गंमत म्हणजे हे काम सगळ्यात नीट पार पाडलं ते त्याच स्पायडर-मॅननं, साइडकिक नसताना. २०१६ च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका छोट्या फ्लॅटमध्ये येतो, पोराच्या मे काकूला शिष्यवृत्तीची थाप मारतो, पोराच्या खोलीत पलंगावर बसतो आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला जर्मनीत विमानतळावरच्या मारामारीला घेऊन जातो. प्रसंग हलकाफुलका आहे, पण थाप नोंदवली गेलेली आहे. २०१७ मध्ये टोनी त्याच्याकडून सूट काढून घेतो. २०१८ मध्ये तेच पोरगं त्याच्या हातात राख होतं, आणि २०१९ मध्ये टोनी जे करतो त्यामागे ती राख आहे. चार सिनेमांत फेडलेलं एक कर्ज. टॉम हॉलंड पहिल्या चित्रीकरणाला एकोणीस वर्षांचा होता, पण पंधराचा वाटत होता.

ह्या ‘वाटत होता’मागे पैशाचं गणित आहे. खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला घेतलं तर काय होतं ते बघा. कॅलिफोर्नियाच्या नियमांप्रमाणे ९ ते १६ वयाच्या मुलाला शाळेच्या दिवशी सेटवर जास्तीत जास्त ९ तास ठेवता येतं. त्यातले ५ काम, ३ अभ्यास, १ विश्रांती. सेटवर शिक्षिका हवी. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर रात्री दहाला काम बंद, नसेल तर साडेबाराला. मानधनातले १५ टक्के त्याच्या नावे बंद खात्यात. (हा शेवटचा नियम जॅकी कूगनच्या नावानं ओळखला जातो, चॅप्लिनबरोबर लहानपणी काम करून मिळवलेला पैसा मोठेपणी त्याला घरच्यांनी उरवलाच नव्हता.) आपल्याकडेही २०१७ पासून चौदाच्या आतल्या बालकलाकाराला दिवसाला ५ तास, विश्रांतीशिवाय सलग ३ तास, सलग २७ दिवस ही मर्यादा आहे आणि किमान २० टक्के रक्कम मुदत ठेवीत जाते. नियम चांगलेच आहेत. अडचण एवढीच की बॅटमॅन रात्री बाहेर पडतो.

रस्त्यावर, पावसाच्या पाइपखाली, खऱ्या रात्रीत बॅटमॅनचं शहर गॉथम उभं करायचं म्हटलं की संध्याकाळी सातला सुरुवात. दिवे लावून, रस्ता भिजवून पहिला शॉट घ्यायला नऊ होतात. दहाला पोरगं घरी. मग उरतात तीन रस्ते. एक, गॉथम छताखाली आणणं. नोलाननं इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनच्या, हवेत तरंगणाऱ्या एअरशिपसाठी बांधलेल्या, जुन्या हँगरमध्ये आख्खी गल्ली बांधली होती, २०२२ च्या सिनेमात मोठ्या एलईडी भिंतींवर शहर उभं केलं होतं. छताखाली सकाळी दहालाही रात्र असते. दुसरा, पोराची पाठ दिसेल असे सगळे शॉट डबलवर घेणं. अशा डबलच्या कामाला बुटक्या चणीचे प्रौढ स्टंटवाले किंवा स्टंटवाल्या मुली असतात. पण रॉबिनचा मुखवटा डोळ्यांपुरता, केस, गाल, हनुवटी सगळं उघडं. बॅटमॅनच्या टोपऱ्यात कुणालाही बसवता येतं, रॉबिनच्या मुखवट्यात नाही. तिसरा रस्ता म्हणजे वीस वर्षांचा नट. १९४३ च्या पंधरा भागांच्या पडदामालिकेतला डग्लस क्रॉफ्ट खरोखरच सोळाच्या आसपास होता. त्यानंतर सगळ्यांनी हा तिसरा रस्ता धरला. १९६६ चा बर्ट वॉर्ड वीस वर्षांचा होता आणि शाळकरी मुलाचं काम करत होता.

वाढ ही आणखी एक भानगड. तेरा-चौदाव्या वर्षी मुलगा एका चित्रीकरणाच्या काळात इंच-दीड इंच वाढतो. पोशाख शिवताना शिवणीत माया ठेवावी लागते, बूट तीन मापांचे करावे लागतात, आणि तरी सहा-आठ महिन्यांनी राहिलेले शॉट घ्यायला बोलावलं की खांदे दुसऱ्याचेच झालेले असतात. त्याहून वाईट म्हणजे आवाज. संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा भरायचा बेत असेल तर तोवर घसा फुटलेला असतो. म्हणून जाणते ध्वनिमुद्रक मुलाचे सगळे संवाद त्याच दिवशी, शॉट संपल्यावर कोपऱ्यात शांतता करून, एकदा सुटे रेकॉर्ड करून घेतात. दहा मिनिटांचं काम आहे, पण विसरलं तर पैसे टाकूनही भरून निघत नाही.

आणि मालिका म्हटली की दोन भागांमधलं अंतर आलं. हॅरी पॉटरचे आठ सिनेमे २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत आले म्हणून ती पोरं गोष्टीबरोबर वाढली. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ २०१६ ला सुरू झाली आणि पाचवा भाग यायला २०२५ उजाडलं. गोष्टीत मात्र १९८३ ते १९८७ एवढीच चार वर्षं सरली. बॅटमॅनचे दिग्दर्शक दोन भागांत चार-पाच वर्षं सहज घेतात. तेराच्या पोराला घेऊन पहिला भाग केला तर दुसऱ्यात तो अठराचा, तिसऱ्यात तेविसाचा. ह्याला तोटा समजू नये, आराखड्यातच धरावं.

मी हे असं लावीन. पहिल्या सिनेमात पोरगा असावा, पण पोशाख नसावा. सात-आठ मिनिटं, त्याहून जास्त नाही. दिग्दर्शक मॅट रीव्ह्जनं २०२२ च्या सिनेमात ह्याची जवळजवळ तालीमच केलीय. खून झालेल्या महापौराचा मुलगा घरात बसलेला असतो, बॅटमॅन त्याच्याकडे क्षणभर जास्त बघतो, आणि शेवटी पुराच्या पाण्यात बॅटमॅन हात पुढे करतो तेव्हा सगळे बिचकतात, तो हात धरतो ते हे पोरगं. सूट नाही, सूडाची शपथ नाही, आणि तरी बाप गमावलेल्या दोघांमधलं नातं पडद्यावर आलं. वेन दांपत्याच्या, म्हणजे ब्रूसच्या आई-बापाच्या, खुनाचे मोती आपण इतक्या वेळा घरंगळताना पाहिलेत की त्याच सिनेमात ग्रेसन दांपत्यही पाडलं तर दोन्ही मरणं स्वस्त होतात.

दुसरा सिनेमा त्याचा. तीस-पस्तीस मिनिटं तरी त्याला हवीत, कारण पायऱ्या गाळता येत नाहीत. घरात येणं आणि न रुळणं. गुहेचा पत्ता स्वतःच्या अकलेनं लावणं. इथं १९८९ च्या टिम ड्रेकची, म्हणजे कॉमिक्समधल्या तिसऱ्या रॉबिनची, युक्ती उसनी घ्यावी, त्यानं चार कोलांट्यांची एकच उडी ओळखून रॉबिन म्हणजे डिक, मग बॅटमॅन म्हणजे ब्रूस, असा हिशेब मांडला होता. मग आल्फ्रेडचा नकार, खरा, आवाज चढवलेला. मग शिक्षण. मग आज्ञा मोडून बाहेर पडणं, आणि तिथं होणारी चूक. ही चूक फार जपून लिहावी. पोरगा मूर्ख ठरला तर प्रेक्षक त्याच्यावर चिडतात, आणि चिडलेले प्रेक्षक काय करतात ते १९८८ मध्ये दिसलंय. दुसरा रॉबिन, जेसन टॉड, उद्धट लिहिला गेला होता. बॅटमॅनचा वैरी जोकर, त्यानं त्याला पहारीनं मारलं, बाँब फुटला, आणि प्रकाशकांनी दोन फोन नंबर दिले. एक तो जगावा म्हणून, एक मरावा म्हणून. फोनमागे ५० सेंट, मुदत ३६ तास. जगावा असे ५,२७१ फोन आले, मरावा असे ५,३४३. फरक ७२ चा. पुढच्या अंकात बॅटमॅन त्याला ढिगाऱ्यातून उचलून आणतो. आणि त्या पोराची जागा किती दिवस रिकामी राहिली? वर्षभरात टिम ड्रेक आला, आणि बॅटमॅनला रॉबिन लागतो, नाहीतर तो बिघडतो, हे वाक्य त्याच्याच तोंडी घातलं. दिग्दर्शक झॅक स्नायडरनं २०१६ मध्ये हा सगळा इतिहास एका शॉटमध्ये बसवला, काचेमागे रिकामा पोशाख आणि त्यावर जोकरनं रंगवलेली खिल्ली. आजवरच्या रॉबिनच्या पडद्यावरच्या हजेऱ्यांत मला ती वरच्या नंबरची वाटते, आणि तीत रॉबिन नाही.

मारामारीबद्दल दोन शब्द, कारण तिथं हटकून घाण होते. पंचेचाळीस किलोचं पोर नव्वद किलोच्या गुंडाला ठोसा मारून पाडत नाही. कितीही वेगवान संकलन केलं तरी प्रेक्षकाच्या शरीराला ते खोटं कळतं. सर्कशीतल्या पोराचं बळ दुसरीकडे आहे. उंचावरून पडता येणं, दोराला लोंबकळून येणारा वेग, गुडघ्याच्या मागे बसणारी काठी, निसटणं. १९४० च्या पहिल्याच गोष्टीत तो अर्ध्या बांधलेल्या इमारतीच्या तुळयांवर चढून गोफणीनं लढतो, ते अगदी योग्य होतं. उंचीमुळे कॅमेराही अडतो. सव्वासहा फूट टोपऱ्यासकट बॅटमॅन आणि पाच फुटांचं पोर एका चौकटीत घ्यायचं तर कॅमेरा मागे न्यावा लागतो, भाव दिसेनासे होतात. म्हणून पोराला कठड्यावर, पायरीवर, खांबावर ठेवावं. कॉमिक्समधले चित्रकार हे पहिल्यापासून करतात. किंवा बॅटमॅनला बसवावं. तो गुडघ्यावर बसला की नातंही बदलतं, फुकटात.

रंगांचं म्हणाल तर लाल-पिवळा-हिरवा हे चार रंगांच्या स्वस्त छपाईचे रंग आहेत. चित्रकार नील ॲडम्सनं टिमच्या पोशाखाला पूर्ण पँट दिली आणि झगा बाहेरून काळा, आतून पिवळा केला. रात्री मिटून घ्यावा, झेप घेताना उघडावा. हे ठरल्याला पस्तीस वर्षं झाली, तेव्हा चड्डीवरून होणारं भांडण आता आवरायला हरकत नाही.

पोराला खरं काम दिलं की वेशभूषा लागतही नाही, ह्याचा माझ्यापुरता पुरावा १९८४ चा आहे आणि तो सुपरहिरोचा नाही. इंडियाना जोन्सबरोबर फिरणारा शॉर्ट राउंड. के हुई क्वान तेव्हा बारा वर्षांचा. जोन्स भारला जातो, स्वतःच्याच माणसांवर उलटतो, आणि पेटती मशाल बरगडीला टेकवून त्याला शुद्धीवर आणतं ते हे पोर. ते नसतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पुढच्या सिनेमात मात्र त्याचा उल्लेखही नाही. मालिकेत पोरगा घ्यायचा तर त्याला बाहेर कसं काढायचं हेही आधी ठरवावं लागतं, ते असं राहून जातं.

रॉबिनची बाहेरची वाट तयार आहे. १९८४ मध्ये डिकनं रॉबिनपण सोडून नाइटविंग हे नाव घेतलं. कॉमिक्सनं त्याला मोठा व्हायला ४४ वर्षं लावली. सिनेमात ते तिसऱ्या भागात व्हावं. तेराचा पोर एव्हाना एकवीस-तेविसाचा झालेला असतो, खांदे रुंदावलेले, आवाज खाली उतरलेला, बॅटमॅनच्या चुका तोंडपाठ. तो भांडून निघून जातो. ह्यासाठी वेगळा नट लागत नाही, मेकअप लागत नाही, दोन भागांमधला उशीरच कामाला येतो.

‘किक-ॲस’नं २०१० मध्ये आणि ‘लोगन’नं २०१७ मध्ये अकरा वर्षांच्या खऱ्या मुली घेऊन ह्या प्रश्नाच्या दोन टोकांना हात घातला. एकात बाप मुलीला चिलखत घालून सरळ छातीवर गोळी मारून सराव देतो, म्हणजे बाप वेडा आहे हे सिनेमा मान्य करून चालतो. दुसऱ्यात मुलीला हत्यार आधीच कुणीतरी बनवलंय आणि म्हाताऱ्या नायकाचं काम तिला लढाईतून बाहेर पोचवणं. दोन्ही मोठ्यांसाठीचे सिनेमे होते, हे खरं. पण लाज कुठं ठेवायची हे दोघांनाही माहीत होतं.

जानेवारी २०२३ मध्ये बॅटमॅनची मालकी असलेल्या डीसी कंपनीच्या नव्या मंडळींनी जाहीर केलं की त्यांच्या बॅटमॅन सिनेमात रॉबिन असेल, आणि तोही डेमियन. २००६ पासूनचा हा ब्रूसचा स्वतःचा मुलगा, मारेकऱ्यांनी वाढवलेला, दहा वर्षांचा, खून करून आलेला. निवड हुशार आहे. इथं बापानं पोराला लढाईत नेलं का हा प्रश्न उलटा होतो. पोर लढाईतूनच आलंय, बापानं त्याला थांबवायचंय. दशरथाचा नकार पहिल्याच दृश्यात आपोआप लिहिला जातो. अडचण एकच दिसते. कॉमिक्समधल्या डेमियनला शेजारच्या सीटवर बसायचंच नसतं, त्याला स्टिअरिंग हवं असतं. दहा वर्षांच्या खऱ्या मुलाला घेतलं तर त्याचे पाय पेडलपर्यंत पोचायला सीट किती पुढे सरकवावी लागेल, हे गाडी बनवणाऱ्यांनी आत्ताच मोजून ठेवावं.